कॅमेऱ्याची खोड

आमच्या घरात कुणावर चटकन विश्वास ठेवणं हा बावळटपणा समजला जायचा. वडील बैलबाजारातले जाणते. इस्लामपूरच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असला की आधी त्यांना बोलावणं यायचं. दात बघणं, चालवून बघणं हे नंतर. आधी ते विकणाऱ्याला न्याहाळायचे. "जनावर खोटं बोलत न्हाई, मालक बोलतो," असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो, पण रक्त तेच.

एकाहत्तरची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा बहिणीचं लग्न ठरलं. लग्न मुलाच्या गावी, म्हसवडच्या बाजूला. आणि नेमकी आई परड्यात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. एकुलत्या लेकीचं लग्न आणि तिला ते दिसणार नव्हतं. मी तिला शब्द दिला, "सगळं लगीन फोटोत घालून आणतो. तू पडल्या पडल्या बघ." फोटोग्राफर सांगितला असता, पण तो चार फोटो काढून जेवायच्या पंगतीत बसणार याची मला खात्री होती. म्हणून कॅमेराच घ्यायचा ठरवला. जुना.

दोन कॅमेरे नजरेत होते. दोन्ही एकाच जातीचे: खिडकीतून बघायचं, खिडकीच्या मध्यात एक पिवळट चौकोन, त्यात माणूस दोनदा दिसतो. कडं फिरवत गेलं की ती दोन माणसं एकमेकांत मिसळतात. मिसळली की फोटो स्पष्ट.

पहिला सांगलीत, एका फोटो स्टुडिओवाल्याकडे. जपानी, चकचकीत, जणू कालच पेटीतून काढलेला. मला तो चकचकीतपणाच खुपला. जुन्या वस्तूनं जुनं दिसावं. "आठ दिवस वापरून बघतो," म्हटलं तर स्टुडिओवाला हसला. "दुकानात बघा की हवा तेवढा." वडील बाहेर येऊन म्हणाले, "जो औताला जुपू देत न्हाई, त्याचा बैल बसका."

दुसरा औंधजवळच्या एका खेड्यात, लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदारांकडे. त्यांना तो त्यांच्या साहेबानं दिलेला. कडा घासून पितळ उघडं पडलेलं. वर जर्मन नाव कोरलेलं, पण अक्षरं मला जरा वाकडी वाटली. रशियन माल जर्मन म्हणून खपवतात हे मी ऐकून होतो. सुभेदारांनी मात्र मागताक्षणी कॅमेरा हातात दिला. "न्या की. वापरून बघा." इतक्या सहज देतोय म्हणजे काय भानगड आहे, असा वडिलांचा चेहरा. मी घरी आल्यावर आईच्या सुईनं कॅमेऱ्याच्या बुडाला बारीक फुली मारली. चाचणीला एक आणि विकताना दुसरा, हा खेळ बाजारात नवा नव्हता.

एक रोल काढला. शाळा, गोठा, उसाची गाडी. फोटो असे आले की उसाची पानं मोजून घ्यावीत. ठरलं, हाच घ्यायचा.

व्यवहाराच्या दिवशी सुभेदारांनी आतून एक काळं झाकण आणलं, भिंगावर बसवलं आणि म्हणाले, "मास्तर, एक सांगून ठेवतो. ह्याची एक खोड हाय..."

वडिलांनी माझा गुडघा दाबला. बाजाराची रीतच तशी. बैल मारका असो, बसका असो, मालकानं खोड तोंडानं कबूल केली की भाव तिथंच पडतो. "सुभेदार, खोड हाय म्हणताय तर मग किंमत उतरवा," ते म्हणाले.

सुभेदारांचे कान लाल झाले. "आवं, मी शिकवायला लागलोय आन तुमी बाजार मांडताय व्हय?" मग कॅमेरा माझ्यापुढं सरकवून, "ऱ्हाऊ दे. न्हाई सांगत. घ्या."

ठरल्या किमतीलाच घेतला. एसटीत वडील म्हणाले, "बघितलंस? लपवलं का न्हाई?" मी बुडाची फुली तपासली. होती.

लग्नात मी कॅमेरा जिवापाड जपला. हळदीचे हात, अक्षतांचा मारा, पोरांची धक्काबुक्की. भिंगाला ओरखडा जायला नको. खिडकीत डोळा घालून दोन नवऱ्या एक करायच्या आणि बटण दाबायचं, एवढंच माझं लग्न. छत्तीसच्या छत्तीस काढले.

रोल सांगलीत त्याच स्टुडिओत धुवायला दिला. स्टुडिओवाल्यानं फिल्म उजेडात धरली. काचेसारखी कोरी. "मास्तर, ह्याच्यावर उजेडच पडलेला नाही." पहिला संशय त्याच्यावरच आला. त्याचा कॅमेरा घेतला नाही म्हणून यानं मुद्दाम नासवला. पण मागचा रोलही त्यानंच धुतला होता. मग राहिले सुभेदार. फुली जाग्यावर होती, म्हणजे आतलं यंत्र बदललं. माझं डोकं असं फिरलं की तशीच एसटी धरली.

अंगणात सून भांडी घासत होती. तिच्यासमोरच मी बोललो. फसवलंत, म्हटलं. वर्दी घातलेल्या माणसाला शोभत नाही, असंही म्हटलं. आई अंथरुणात वाट बघतेय, तिला काय दाखवू?

सुभेदारांनी कॅमेरा घेतला. खिशातल्या रुमालानं पुसला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी केलं आणि परत हातात दिला. "बघा खिडकीतनं. सून दिसती?"

"दिसती."

"चांगली दिसती?"

"दिसती की."

"आता डोळा काढा आन म्होरं बघा."

भिंगावर काळं झाकण होतं.

शाळेत मी शिकलो तो डबा कॅमेरा. त्याचं झाकण पुढच्या दोन्ही भिंगांवर बसायचं, लावलं की वरच्या काचेतही अंधार. इथं खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. अक्षता उडतील म्हणून मी मांडवात शिरायच्या आधीच झाकण घट्ट बसवलं होतं, आणि खिडकीत सगळं लख्ख दिसत होतं, म्हणून ते काढायचं ध्यानातच आलं नाही.

"हीच ती खोड," सुभेदार म्हणाले. "सांगत हुतो, तवा तुमी किंमत पाडत हुता."

मी पाया पडलो. त्यांनी पडू दिलं, पण चहा विचारला नाही.

घरी आईनं उशी उंच करून घेतली होती. सगळं सांगितलं तिला. ती म्हणाली, "मरू दे फोटू. तू हुतास न्हवं तितं? तूच सांग. पाठवणीला रडली का रं ती?"

मला आठवेना. पाठवणीला मी तिच्या तोंडासमोर चार हातांवर होतो. दोन चेहरे हलत होते, ते मी एक केले आणि बटण दाबलं. चेहऱ्यावर काय होतं, ते मी बघितलंच नव्हतं.

"न्हाई," मी म्हटलं. "हसत गेली."

आईनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, वडील बैलाच्या मालकाकडे बघायचे तसं.

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.