ज्याचं बळ, त्याचा साडू

आज या घटकेला जगात सगळ्यात बलवान कोण आहे, हे माझ्या धाकट्या साडूला सगळ्यांच्या आधी कळतं. आणि त्याच्या बाजूला जाऊन उभा राहायला तो सगळ्यांच्या नंतर पोहोचतो. या दोन गोष्टींच्या मधे त्याचं सगळं आयुष्य मावतं. स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभा असला की त्याचे डोळे शेजारच्या रांगेवर. ती भराभर सरकतेय असं दिसलं की हा पठ्ठ्या तिकडे. आणि हा तिकडे गेला रे गेला, की तिथल्या खिडकीतला माणूस चहाला उठतो. एकदा नागपूरला जाताना त्याने रांगा बदलून बदलून स्वतःला घामाने भिजवून घेतलं आणि शेवटी मी काढलेल्या तिकिटावर प्रवास केला. सेवाग्राम येईपर्यंत तो मला पटवत होता की त्याचा अंदाज बरोबरच होता, रांगच चुकली. क्रिकेटची मॅच पाहतानाही तेच. आपल्या दोन विकेट लवकर पडल्या की हा पाहुण्या संघाचा. तळेगावला सासरी एकदा त्याने असाच पक्ष बदलला, तेव्हा सासऱ्यांनी टीव्ही बंद केला नाही, त्याचीच खाट उचलून अंगणात नेऊन टाकली.

यात लबाडी मात्र कणभर नाही. बलवानाकडून त्याला काही मिळवायचं नसतं. लहान मुलाला रस्त्याने जाणारा बॅंड दिसला की ते जसं मागे धावतं, तसा तो बळाच्या मागे धावतो. पिपरी मेघेला त्याचं भांड्यांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर राहतं घर. गंज, गुंड, कढया यांच्यात तो बसलेला असतो, आणि तिथेही, सध्या कुठल्या कुकरचा जोर आहे हे गिऱ्हाइकाने न विचारता सांगतो. मात्र गिऱ्हाईक तो कुकर घ्यायला तयार झालं की म्हणतो, "पन थांबून पाहा. नवीन एक येऊन राह्यला म्हन्ते." गिऱ्हाईक थांबतं. बरीचशी गिऱ्हाइकं अजून थांबलेलीच आहेत.

त्याचं लग्न नव्वदच्या दशकातलं. तेव्हा वर्ध्यात पडद्यावर मारामारीचे खेळ खेळायची दुकानं निघाली होती. नवा जावई म्हणून मी त्याला कौतुकाने फिरायला नेलं, तर तो तिथेच रमला. सगळ्यात दणकट पहिलवान निवडायचा आणि शाळेतल्या पोरांकडून मार खायचा. त्याचं म्हणणं, पहिलवान बरोबर होता, बटणं ढिली होती.

हे सगळं किरकोळ होतं असं म्हणायची पाळी पुढे आली. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला आर्वी नाक्याजवळच्या एका कॅफेत त्याला 'तो' खेळ भेटला. खेळ इंटरनेटवरचा. देशभरातली माणसं एकाच वेळी एकाच मायानगरीत शिरतात, कुणी पहिलवान होतो, कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य. टोळ्या करून राक्षस मारतात, किल्ले घेतात. या प्रकारांना म्हणायचं क्लास. एक क्लास वाढवून ताकदवान करायला महिनेच्या महिने लागतात. आणि गंमत अशी, की खेळ चालवणारी कंपनी मधूनच या क्लासांचं बळ कमीजास्त करते. काल तिरंदाजाचा बाण भिंत फोडत होता, आज पापड फुटेना. मी विचारलं, "असं का करतात रे?" तर तो गंभीरपणे म्हणाला, "भाऊजी, एकाचंच राज्य झालं तं बाकीचे खेळनार काऊन? म्हनून बॅलन्स करा लागते."

माझ्या साडूसाठी दैवाने याहून चांगला सापळा रचला नसता. तिरंदाजाचा जोर आहे असं कळलं की तो पहिलवान टाकून तिरंदाज व्हायचा. महिनोन् महिने लांडगे मारून तिरंदाज वाढवायचा. तो पुरा वाढला त्याच आठवड्यात कंपनी तिरंदाजाचं बळ कापायची आणि मांत्रिकाचं वाढवायची. मग मांत्रिक. मग पुन्हा पहिलवान. तळेगावला सासूबाईंच्या कानावर गेलं, जावयाने पुन्हा क्लास बदलला. त्यांनी काळजीने मला विचारलं, "पैलेचे मास्तर बरे नव्हते का?"

त्यात आमच्याकडचं भारनियमन. ऐन लढाईत वीज जायची. मग हा स्कूटरला किक मारून वीज असलेल्या दुसऱ्या भागातल्या कॅफेकडे धावायचा. भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, वर्ध्याच्या उन्हात. एकदा असाच पोहोचून पाहतो तर राक्षस मेलेला आणि टोळी चिडलेली. त्याने लिहिलं, "लोडशेडिंग हो गया था." मुंबईच्या एका गड्याने विचारलं, "ये कौनसा क्लास की ताकत है? आदमी एकदम गायब होता है क्या?" हा प्रश्न आला तेव्हा साडूला राग आला नाही. कुठल्या क्लासला ती ताकद मिळेल, याचा तो क्षणभर विचार करत होता, असं त्यानेच मला सांगितलं.

माझी मेहुणी या खेळात आली ती नवऱ्याला ओढून न्यायला. जेवण निवत होतं, म्हणून ती तरातरा कॅफेत गेली, तर नेमका दुकानात माल उतरवायला माणूस आलेला. हा तिला खुर्चीवर बसवून "फक्त मरू देऊ नको" एवढं सांगून पळाला. परत आला तेव्हा ती पडद्यात नाक खुपसून बसली होती. तिने बोट दाखवून विचारलं, "हे पांढऱ्या लुगड्यातली बाई काय करते?"

"थे वैद्य हाये. जखमी लोकायले बरं करते."

"मंग मले हेच पायजे," ती म्हणाली.

पुढे त्यांनी घरीच नेट घेतलं. एक कॉम्प्युटर दुकानात मागच्या बाजूला, एक वर स्वयंपाकघराला लागून. खालून हा ओरडायचा, "अवं, माह्यी ताकद भर, मरून राह्यलो ना मी!" वरून उत्तर यायचं, "थांबा जराशे, वरण उतू जाऊन राह्यलं!" समोर कढई घ्यायला आलेली बाई घाबरून त्याच्याकडे पाहत राहायची. त्याने अनेक क्लास बदलले; मेहुणी त्याच्याच टोळीत वैद्यच राहिली.

आणि मग तो दिवस आला. कंपनीने मोठा बदल केला. मांत्रिकाचं बळ दुप्पट. वैद्याची बरं करायची शक्ती जवळजवळ गेली. साडूचा मांत्रिक तेव्हा पुरा वाढलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो योग्य रांगेत, खिडकीच्या अगदी पुढे उभा होता. मोठ्या किल्ल्यावरची स्वारी रविवारी ठरली होती. टोळीच्या म्होरक्याने त्याला उपसरदार केलं, फक्त एक अट घातली : वैद्य आता ओझं आहे, तिला काढा, तिच्या जागी दुसरा मांत्रिक घेऊ.

शनिवारी दुपारी तो माझ्याकडे आला. पाणी प्यायला, पंख्याखाली बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. हा माणूस गप्प बसला की घरात कुणीतरी आजारी आहे असं वाटतं.

"भाऊजी, जिंदगीत पैल्यांदा माह्या लंबर लागला," तो शेवटी म्हणाला.

"मग अडलं कुठे? तिला विचारलंस?"

"इचारलं ना. म्हटलं, तूई मांत्रिक हो, मी वाढवून देतो. तं म्हन्ते, मले कोनाले मारनं आवडत नाई. म्हटलं, वैद्याले आता ताकदच नाई उरली. तं म्हन्ते, नसो. थोडंसं तं बरं होते ना?"

"रागावली का?"

"थेच तं! रागावली असती तं बरं झालं असतं. म्हन्ते, तुमी जा, तुमाले लय दिवसानं भेटलं. आन् मले ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्या भाजीतच सगळं अडकलं होतं.

मी खेळातलं ओ की ठो न कळणारा शाळामास्तर. "बघ बाबा, तुला पटेल ते कर," असं मोलाचं मार्गदर्शन मी केलं. पण मला चैन पडेना, म्हणून रविवारी संध्याकाळी कुकरची रिंग आणायचं निमित्त काढून दुकानात गेलो. तो मागे बसला होता. पडद्यावर किल्ल्यासमोर सगळी टोळी उभी, झेंडे फडफडताहेत, आणि सगळ्यांच्या पुढे याचा मांत्रिक, हातातल्या काठीतून निळा जाळ निघतोय. इतका देखणा दिसत होता की मलाही वाटलं, जावं याने. म्होरका लिहीत होता, "चलो? चलो?" साडूने कपाळावरचा घाम पुसला. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्याने लिहिलं, "आप लोग जाओ. घर का काम है." आणि टोळी सोडली. मान वर करून ओरडला, "अवं! वैद्यबाई! चाल, जंगलात जाऊ!"

 वरून मेहुणी म्हणाली, "आली, कनीक झाकून."

टोळीने त्याच्यावाचून किल्ला घेतला. हेही सांगायला हवं. विजयाच्या बातमीत सगळ्यांची नावं झळकली, याचं नव्हतं. आठवडाभर तो जेवताना मधेच थांबायचा. पण मग हळूहळू त्या दोघांनी एक वेगळाच उद्योग काढला. मायानगरीच्या वेशीबाहेर नवशिके खेळाडू येतात आणि लांडग्यांच्या तोंडी पडतात. ही दोघं तिथे जाऊन बसायची. हा लांडगे हाकायचा, ती पडलेल्यांना उठवायची. तिच्या उरलेल्या शक्तीत तेवढंच होत होतं, आणि नवशिक्यांना तेवढंच लागत होतं. सगळे तिला दीदी म्हणायला लागले. आसामकडची एक मुलगी, 'नीलीचिडिया' या नावाने खेळणारी, तर रोज यायची. मोडक्या हिंदीत ती आणि मेहुणी लांडगे सोडून भलत्याच गोष्टी बोलायच्या. तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, पण तिचं मन ठरत नव्हतं. खाली साडूला हे सगळं पडद्यावर दिसायचं, आणि तो लांडगे हाकता हाकता मधेच सल्ला द्यायचा, "पोराले मित्र किती हायेत, थे इचार म्हनाव."

याच काळात मांत्रिकाचं बळ पुन्हा कापलं गेलं. मी कुठेतरी ऐकून त्याला विचारलं, तर म्हणाला, "हो का? मले मालूमच नाई." माझा विश्वास बसेना. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दोनेक वर्षांनी कंपनीने तो खेळच बंद करायचं ठरवलं. खेळणारे कमी झाले होते. शेवटच्या दिवशी मेहुणीने मला मुद्दाम बोलावलं. दुपारची वेळ होती, कुलरचा खडखडाट चालला होता. मी वर तिच्याशेजारी बसलो. वेशीबाहेर नवशिक्यांची, म्हणजे आता चांगल्या जुन्या झालेल्यांची, गर्दी जमली होती. कुणी उड्या मारत होतं, कुणी आकाशात बाण सोडत होतं. सगळे दीदीला नमस्कार लिहीत होते आणि मेहुणी एकेकाला "सुखी रहो" लिहीत होती. नवऱ्याचा मांत्रिक तिच्या पांढऱ्या बाईच्या शेजारी काठी टेकून उभा होता. मग सगळं जागच्या जागी थिजलं. पडदा काळा झाला.

जिना वाजला. साडू दुकान तसंच उघडं टाकून वर आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मेहुणीने चहा ठेवला. आम्ही तिघांनी तो घेतला. 

कप विसळता विसळता मेहुणी म्हणाली, "अहो, त्या चिडियानं होकार देल्ला असंल का?"

"देल्ला असंल," तो म्हणाला. मग दुकानात जायला उठता उठता म्हणाला, "तिचं खरं नाव इचाराचं राहूनच गेलं ना वं आपलं."