परक्या रानातली येळवस

मस्कतच्या बंदराला जहाज लागायच्या आधीच मी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खोलीच्या दाराशी बसले होते. आमचे हे अजून दाढीच करत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर डोकावले आणि म्हणाले, "अगं, जहाज थांबू तर दे. उडी मारतीस का काय?"

पिशवीत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता. तिळाच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत आंबील. ज्वारीचं पीठ मी केजहून आणलं होतं. किटलीतल्या उकळत्या पाण्यात ते कालवलं, जहाजावर नाश्त्याला मिळायचं ते दही वाटीवाटीनं खोलीत आणून त्यात घातलं, मीठ-जिरं टाकलं आणि बाटली कपाटात लपवली. आंबील मस्त आंबली. इतकी की बाटलीचं पोट फुगलं आणि ह्यांनी तिच्या बाजूला झोपायचं सोडलं.

त्या दिवशी येळवस होती. आमच्या केजकडं मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा, उभ्या पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग बांधावर उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला जेवायला हाका मारायच्या. येळवसला वाटसरू उपाशी गेला तर रान वर्षभर रुसतं, असं माझी सासू सांगायची. हाका मारण्यात माझा हात धरणारं शिवारात कुणी नव्हतं. एकदा तर बंद पडलेल्या जीपमधली सगळी माणसं उतरवून मी पंगतीला बसवली होती. त्यातल्या एका म्हातारबाबानं नंतर जीप सुरू झाली तरी उठायला नकार दिला.

मागच्या उन्हाळ्यात आमचं ते रान रस्त्यात गेलं. नवा मोठा रस्ता आला तो बरोबर आमच्या विहिरीवरून. पैसे मिळाले, तक्रारीला जागा नाही. पण येळवस कुठं करायची? धाकट्या जाऊबाईचं रान शेजारीच, ते वाचलं. ती घरी येऊन म्हणाली, "अक्का, औंदा आमच्या रानात या." मी म्हणाले, "रान गेलं म्हणून लगेच दुसऱ्याच्या पंगतीला बसू व्हय?" ती चहाही न पिता गेली.

मुलानं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जहाजाची सहल काढून दिली आणि तारखा विचारल्या, तेव्हा ह्यांनी मुद्दामच मध्ये येळवस येईल अशा दिल्या. शिवारभर हाका चालल्यात आणि आपण घरात दार लावून बसलोय, हे त्यांना बघवणार नव्हतं. मलाही नव्हतं. पण येळवस सोडायची, हे काही मला पटेना. एकदा सोडली की दुसऱ्या वर्षी सोडायला काही वाटत नाही, आणि मग ती घरातून गेलीच म्हणून समजा. म्हणून मी मनाशी पक्कं केलं होतं. मस्कतला उतरायचं, पिकाचं रान गाठायचं, आंबील शिंपडायची, एक तरी वाटसरू जेवू घालायचा आणि जहाज सुटायच्या आत परत यायचं.

बंदरावरच्या शिपायानं बाटली काढून उन्हात धरली. ह्यांना घाम फुटला. "पेट की दवाई है, साहब," ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, आंबील पोटाला चांगलीच. शिपायानं झाकणाशी नाक नेलं, तोंड वाकडं केलं आणि दोन बोटांत धरून बाटली परत दिली.

बाहेर पडलो आणि मला हसूच फुटलं. एका बाजूला निळंशार पाणी, दुसऱ्या बाजूला पांढरी धोप घरं, आणि त्यांच्या मागं आपल्या मांजरसुंब्याच्या घाटातल्यासारखे डोंगर, फक्त गवताची काडी नाही. हवेत धुपाचा वास. पन्नाशी कधीच उलटलेली बाई मी, पण शाळेच्या सहलीला आल्यासारखी पुढं पळत होते आणि हे मागून "हळू, हळू" करत होते.

समुद्राकाठी एक बाग होती. हे तिथंच थांबले. "हे बघ हिरवं. बस हितंच."

"हे काय पीक हाय? लॉन हाय ते. माणसं चालत्यात त्याच्यावर."

"मग आता वावर कुठनं आणू तुला?"

मी टॅक्सीला हात केला. चालवणारे पांढरा लांब झगा आणि नक्षीची टोपी घातलेले, आमच्याच वयाचे, तिथलेच. हिंदी मात्र आमच्यापेक्षा चांगलं. "किला? बाजार? बड़ी मस्जिद?" त्यांनी विचारलं.

"खेत," हे म्हणाले.

"खेत?"

"हां. जिसमें कुछ उगता है."

ते पूर्ण मागं वळून आमच्याकडं बघत राहिले. शहराबाहेर जावं लागेल, लांब आहे, म्हणाले. तोवर मी आत बसले होते.

रस्ताभर हे घड्याळ बघत होते. "जहाज गेलं तर?"

"गेलं तर दुसरं यील. एसटी न्हाई का येत?"

"दुसरी एसटी तरी कवा आलती येळंवर?"

आणि मग खजुराच्या झाडांची रांग दिसली. त्यांच्या सावलीत गुडघाभर हिरवंगार पीक. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "लसूणघास." तोच, आमच्या म्हशी खायच्या तो. बांध, पाट, पाटात झुळझुळ पाणी, कडेला लिंबं. फाटक उघडं आणि माणूस एकही नाही. टॅक्सीवाले वळणावरच्या दुकानात चहा घेऊन येतो म्हणाले. मी चपला काढल्या आणि ओल्या मातीत पाय ठेवला. रान गेल्यापासून पायाला माती लागली नव्हती. अंगावर काटा आला, आनंद पोटात मावेना.

त्यानंतर हेच माझ्या पुढं पळायला लागले. पाच दगड त्यांनीच वेचले. गळालेल्या झावळ्या एकमेकींना टेकवून कोप त्यांनीच केली. "चुना?" मी म्हणाले. त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली. तंबाखू मुलानं मुंबईतच काढून घेतली होती, डबी सवयीनं खिशात राहिलेली. पांडव पांढरे झाले, त्यांना पोळीचा नैवेद्य दाखवला. मी बाटलीचं झाकण फिरवलं आणि निम्मी आंबील फस्सकन ह्यांच्या नव्या शर्टावर. रागावतील म्हणून मी बघत होते, तर ते बांधावर बसून पोट धरून हसत होते. उरलेल्यातली थोडी आंबील त्यांनी घासाच्या काडीनं पिकावर शिंपडत नेली, आधी हळू आवाजात, मग आपल्याच रानात असल्यासारखी आरोळी देत.

आता फक्त वाटसरू राहिला होता. मी बांधावर उभी राहिले आणि "ओ पाव्हणं, या जेवायला" म्हणून हाक दिली. गाड्या काचा बंद करून सुसाट जात होत्या. एकीचा वेग थोडा कमी झाला, माझ्या आशा वाढल्या, आणि ती गेली. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. एकही थांबेना. जहाजाची वेळ जवळ येत चालली, आणि येळवस अर्धवट राहणार असं दिसायला लागलं.

तेवढ्यात झाडांमागून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. मालक. त्यांनी ओला घास बघितला, झावळ्या बघितल्या, पांढरे दगड बघितले, ह्यांच्या बोटांचा चुना बघितला. मग काहीतरी विचारलं. आम्ही दोघांनी हात जोडले. परक्या देशात, परक्याच्या रानात, न विचारता शिरलो होतो. चहा टाकून टॅक्सीवाले पळत आले आणि त्यांनी तोच प्रश्न हिंदीत विचारला, हे काय आहे?

हे चाचरत म्हणाले, "ये पाँच मेहमान हैं. आज के दिन इनको खेत में खाना खिलाते हैं. हमारे यहाँ रिवाज है."

टॅक्सीवाल्यांनी ते सांगितलं. म्हाताऱ्यांनी दगडांकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि एवढंसं काहीतरी बोलले. टॅक्सीवाले हसले. "कहते हैं, पाँच नहीं, सात मेहमान हैं. मेरे खेत में आए हैं, खाए बगैर कोई नहीं जाएगा."

हे बोलणं तर माझं होतं. जन्मभर बांधावर उभं राहून मी ते दुसऱ्याला ऐकवलं, मला ते कुणी कधी ऐकवलं नव्हतं.

चटई आली. त्यांच्या घरच्या बाई मोठं ताट घेऊन आल्या. खजूर, मध, कागदासारखी पातळ भाकरी, छोट्या वाट्यांत कडू कॉफी. हे मजेत मांडी घालून बसले. मला मात्र हात कुठं ठेवावेत कळेना. मला वाढायची सवय, बसायची नाही. मी पिशवी उघडून पोळ्या काढायला लागले, तर त्या बाईंनी माझा हात धरला, खाली बसवलं, तळव्यावर खजूर ठेवला आणि माझी मूठ मिटली. मग मी खाल्ला.

पोळ्या त्यांनीही खाल्ल्या. तळाशी उरलेली आंबील म्हाताऱ्यांनी एका दमात पिऊन बाटली उलटी करून बघितली. निघताना बाईंनी माझी पिशवी लिंबांनी भरली. रिकामी पिशवी त्यांच्याकडंही परत देत नाहीत.

बंदरावर पोचलो तेव्हा जहाजात चढायची रांग अजून होती. मी रांगेतूनच जाऊबाईला फोन लावला. तिकडं रानातला गलका, वारं, पोरांचा ओरडा.

"अक्का, जेवलात का?" तिनं विचारलं.

"जेवले. दुसऱ्याच्या रानात, मांडी घालून जेवले."

तिला बोलू न देताच मी म्हणाले, "पुढल्या येळवसला तुझ्या रानात येणार हाय. पर मला हाक मार. मोठ्यानं मार."

फोनमध्ये वारं आणि पावलांचा आवाज वाढला. ती बांधावर चढत असणार. मग तिनं तिथून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अक्का, या वं जेवायला." फोनमधून ती एवढ्यानं आली की पुढची माणसं वळून बघायला लागली.

मीही मस्कतच्या बंदरावरून, त्या सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं ओ दिली.