मांडीवरचं सूत

सावली या गावाजवळच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत कुंता कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत काढायची. उकळलेले कोशे मडक्यात ठेवायचे, पाच-सहा कोशांच्या तारा एकत्र ओढायच्या आणि उघड्या मांडीवर तळव्यानं घासून त्यांना पीळ द्यायचा. मांडीची कातडी काळी, राठ झालेली. या कामाच्या वेळी लुगडं वर घ्यावं लागे, म्हणून ती आतल्या खोलीत बसे. धाकटा दीरसुद्धा खाकरल्याशिवाय अंगणात पाय टाकत नसे.

या सुताच्या ओढण्या मुंबईची एक कंपनी विकायची आणि नफ्यातून त्या भागात डॉक्टरची गाडी फिरवायची. कुंताच्या पोरीला, रिंकूला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. सांधे दुखायला लागले की पोर रात्रभर कण्हायची. गाडी यायला लागली तशा पिवळ्या गोळ्या नेमानं मिळू लागल्या, दुखणं क्वचितच उठू लागलं. महिन्यातला गाडीचा दिवस कुंताला सणासारखा वाटे.

२००३च्या हिवाळ्यात कंपनीच्या आसावरीताई फोटोवाल्याला घेऊन आल्या.

"प्रत्येक ओढणीसोबत तुमचा फोटो द्यायचा आहे, कुंताबाई. सूत कसं निघतं ते दिसलं की लोक आवडीनं घेतात."

"हाताचा काढा मंग."

"हात सगळीकडेच दिसतात. मांडीवरचं काम कुठं बघायला मिळतं?"

दारात जाळं विणत बसलेला तिचा नवरा मनसाराम म्हणाला, "माह्याच मांडीचा काढा ना. तरायाच्या पान्यात सारा जलम उघड्याच हायेत." तो खरंच धोतर सावरून मडक्याजवळ बसला. पहिलाच पीळ देताना तार मांडीच्या केसांत गुंतली आणि तो कळवळला.

"उठा," कुंता हसू दाबत म्हणाली. "त्या केसायत मासोया धरा तुमी."

फोटोवाला म्हणाला, हेच चालवू. आसावरीताईंनी मान हलवली. ज्यानं सूत काढलं नाही त्याचा फोटो त्यांना नको होता.

कुंताचं हसू मावळलं. "फोटो नाई देला तं गाडी बंद होते का, बाई?"

ताई म्हणाल्या, "फोटोसाठी कोणी बंद करणार नाही. पण ओढण्या खपल्या नाहीत तर होऊ शकते. नफा आहे तोवर गाडी आहे."

अंगणात रिंकू सागरगोटे खेळत होती. तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा कुंताला इतक्या लांबूनही दिसत होता. कुंताचा हात लुगड्याच्या काठाशी गेला, तिथंच थांबला. मग तिनं मडकं उचलून भिंतीकडे नेलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

"असा काढा. याच्याहून जास्त माह्याच्यानं होत नाई."

तिनं लुगडं वर घेतलं, तार ओढली. फोटोत आली ती वाकलेली पाठ आणि वर उचललेलं कोपर.

"खाली काय दिसते?"

"काही नाही, कुंताबाई," ताई म्हणाल्या.

तो फोटो पाहून ओढण्या किती खपल्या, हे तिला कोणी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात ती रिंकूला घेऊन सकाळीच सावलीच्या थांब्यावर जाऊन बसली. गाडी उशिरा आली, पण आली. डॉक्टरांनी रिंकूची पापणी ओढून पाहिली, गोळ्या दिल्या.

निघताना कुंतानं ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, पुढच्या महिन्यात येता ना?"

"येतो ना बाई."

ओढण्या खपल्या की नाही, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. तरी तेवढ्यावर तिनं पोरीचं बोट धरलं आणि ती गावाच्या वाटेला लागली.