फोटोतला खांदा
तेल तापल्याचा वास आला की तुकोगंजमधलं ते प्रदर्शन आठवतं. लहानपणी उकळतं तेल सांडून माझा खांदा भाजला होता. घरातली पहिली पदवीधर झाले, तरी पूर्ण बाह्यांतच वावरले. बायकांच्या शरीराचे फोटो काढणाऱ्या एक ताई डागाबद्दल कळल्यावर म्हणाल्या, "अगं, हीच तर तुझी पहचान आहे, लपवतेस कशाला?" त्यांच्या कॅमेऱ्यासमोर मी पहिल्यांदा खांदा उघडा केला, आणि घरी जाताना कृतज्ञतेने रडले. प्रदर्शनाला आईला घेऊन गेले, तर भिंतीवरच्या फोटोत माझा खांदा गुळगुळीत होता. "बस, थोडंसं साफ केलं," ताई हसल्या. आई हरखून म्हणाली, "बघ, डाग नसता तर अशी दिसली असतीस!" तो फोटो तिने मागून घेतला. तिच्या खोलीत तो अजून टांगलेला आहे, आणि तिथे मी पूर्ण बाह्यांतच जाते.