आतल्या खोलीतलं औषध

अवधपुरीत आमच्या घराजवळ जेनेरिक औषधांचं दुकान आहे. तिथले फार्मासिस्ट पूर्वी एका औषध कंपनीत मार्केटिंगला होते. त्यांचं नाव मला ठाऊक नाही, सगळे भैयाजीच म्हणतात.

आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी तिथून आणल्या. किंमत ऐकून तिने त्यांना हातच लावला नाही. "एवढ्या स्वस्तात खडूच मिळणार," म्हणाली. औषध तेच असतं, महाग असतं ते कंपनीचं नाव, हे मी घसा सुकेपर्यंत समजावलं. तिचं प्रेशर चढलं, वर माझंही. शेवटी तिला घेऊनच दुकानात गेलो.

भैयाजींनी तक्रार ऐकली, स्ट्रिप घेतली आणि ते पडद्यामागे गेले. चांगला वेळ लावून परतले. तीच स्ट्रिप आता पुसून पांढऱ्या लिफाफ्यात घातलेली होती. लिफाफा दोन्ही हातांनी पुढे करत ते हळूच म्हणाले, "माताजी, संभाल के रखिएगा. ये अंदर का माल है."

आईने लिफाफा पर्सच्या चोरकप्प्यात ठेवला. आता गोळी एक दिवस चुकवत नाही, प्रेशरही ताळ्यावर आहे.

मी एकदा भैयाजींकडे हसून विषय काढला, तर म्हणाले, "कंपनी में भी यही करता था, दवा की इज़्ज़त बढ़ाना. बस, वहाँ साथ में दाम भी बढ़ता था."

परवा माझीच ॲसिडिटी उसळली. भैयाजींनी समोरच्या खणातून गोळ्या काढून काउंटरवर सरकवल्या. मी घेतल्या, दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

"भैयाजी, ज़रा अंदर से ला दीजिए ना."