घाई बाईंची नव्हती

रुथबाई गेल्याचं मला परतूरच्या मोंढ्यात कळलं. घरासाठी ज्वारी घ्यायला गेल्तो. आमच्या ख्रिस्ती मंडळीतला एक जण तिथं हमाली करतो. तो पाठीवरचं पोतं न उतरवताच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "याकोबतात्या, बाई गेल्या. आज दुपारी जालन्याला माती हाय." मी ज्वारी तिथंच सोडली. रेल्वे निघून गेल्ती, यष्टी धरली. पोचलो तोवर सगळं झाल्तं, माणसंही पांगली होती. ओल्या मातीवर दोन-चार झेंडूचे हार पडले होते. मी खाली वाकून एक मूठ माती टाकली आणि उभा राहिलो... बाईंना जे सांगायला पंधरा वर्षं वेळ मिळाला होता, ते सांगायला मी पुन्हा एकदा उशिरा आलो होतो.

आता दीड-दोन महिने झाले. मी गवंडी माणूस, दुसरीत शाळा सुटली. मासिकाच्या या पानावर शिकलेली माणसं लिहितात हे मला ठाऊक आहे, तरी मीच लिहिणार. दुसऱ्याला सांगून लिहून घेतलं असतं, तर त्यानं माझ्या चुकीला गोड केलं असतं.

जालना जिल्हा नवा झाला, त्या साली बाई आमच्याकडे आल्या. मूळच्या नगरकडच्या. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. बायबलबाई म्हणून, म्हणजे वस्त्यांवर जाऊन बायबल शिकवायला, मिशननं त्यांची नेमणूक केली जालन्याला, आणि दर रविवारी पहिल्या गाडीनं आमच्या वस्तीत यायचं. फाट्यापासून आत दीड कोस चाल. ख्रिस्ती घरं आमची दहा. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार बाईंचे. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला ओळखलं. वाचन चाललं की मी पुस्तक समोर धरून डोळे फिरवायचो, ओठ हलवायचो. उपासना झाल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "याकोब, पुस्तक उलटं धरलंयस." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवला नसता. बाईंनी कुणाला ऐकू जाऊ दिलं नाही. मंग पुढचं वर्षभर उपासनेनंतर मी भिंतीला टेकून बसायचो आणि त्या मला अक्षरं सांगायच्या. प्रभूच्या जन्माचा अध्याय मी सगळ्यात आधी वाचायला शिकलो. त्या नाताळापासून तो अध्याय वाचायचा मान माझा. वाचताना मी छाती काढून उभा राहायचो, हेही सांगतो.

पुढं एका सालच्या पावसाळ्यात आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, मागची भिंत बसली. दगड-मातीचं जुनं काम. पीकही त्या साली गेलं, चार घरं पोटासाठी ऊसतोडीला निघून गेली. मी मंडळीच्या पंचांना सांगितलं, मजुरी नको, दगड हायेतच, भिंत मी उभी करतो आणि नाताळच्या आत वर पत्रे टाकतो. शब्द दिला म्हणजे दिला. माझा थोरला शमुवेल हाताखाली. वीस वर्षांचा, अंगानं माझ्यासारखा, स्वभावानं मायसारखा. मातीतली भिंत दिवसाला दीड हाताच्या वर चढवायची नसते, खालचा थर आळला पाहिजे. हे मला माझ्या बापानं शिकवलेलं. पण डिसेंबर लागला, आभाळ आलं, दगडांमधला मातीचा गारा वाळेना. नाताळला आठ दिवस राहिले तेव्हा बाई आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "याकोब, राहू दे. अंगणात सतरंजी टाकू. प्रभू गोठ्यात जन्मला, त्याला आपल्या भिंतीवाचून काय अडलंय?"

मी म्हणालो, "बाई, तुमी बायबल सांभाळा, ओळंबा माझ्याकडं राहू द्या."

शमुवेल हसला. बाई पण हसल्या. "घाई करू नकोस एवढंच म्हणते," म्हणाल्या आणि गेल्या. त्या वेळी तिथं आम्ही तिघंच होतो, चौथा माणूस नव्हता.

त्यानंतर दोन दिवसांनी मी एका दिवसात तीन हात चढवली. शमुवेल खालून म्हणाला, "आबा, खालचा गारा वला हाय अजून. बोट जाऊन राह्यलं." मी परांचीवरून ओरडलो, "मला शिकवून राह्यला का? दगड दे!" त्यानं दगड उचलला... भिंतीचं पोट फुगताना मी पाहिलं. मी परांचीसकट बाहेर फेकला गेलो, तो आत राहिला.

त्याला ओट्यावर ठेवलं होतं. मार्था, माझी बायको, उशाशी बसलेली. पंचांतले दावीदतात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याकोबा, येवढी जल्दी कुनाला व्हती रे?" मला कोणी दोष देत नव्हतं. म्हातारं माणूस, सहज विचारलं. माझ्या तोंडातून निघालं, "बाईंला. नाताळला छत पायजेच म्हनल्या."

मार्थानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. आता हे कुणाला खरं वाटणार नाही, पण ते बोलल्यावर मला जरा बरं वाटलं होतं.

दोन दिवसांत वस्तीभर झालं. बाईच्या हट्टानं पोरगं गेलं. यंदा नाताळ नाही, ढोलकी नाही, त्या बाईच्या मागं प्रार्थनेला कोणी बसायचं नाही. पंचांनी बाईंना तसा निरोपच धाडला होता. तरी पंचवीस तारखेला सकाळी बाई आल्या. नेहमीसारख्या पांढऱ्या लुगड्यात, पुस्तक छातीशी. पडलेल्या दगडांच्या पलीकडे त्यांनी आपल्या हातानं सतरंजी अंथरली. माझा ओटा तिथून समोर. दारं सगळी बंद. एक म्हातारी सालोमी काठी टेकत आली. तेवढ्यात माझ्या मागून मार्था पदर घेऊन बाहेर पडली. मी तिचा हात धरला.

"जिनं पोरगं खाल्लं तिच्या तोंडची प्रार्थना घेनार का तू?"

ती म्हणाली, "अवो, पोरगं गेलं माझं. आता देव बी घालवू का?"

हात सोडवून गेली. अजून मातीला आठवडा झाला नव्हता. बाईंमुळं आपलं लेकरू गेलं असं मानणारी माय त्या बाईंच्या समोर जाऊन बसली. बाईंनी दोघींकडे बघितलं, म्हणाल्या, "दोघी-तिघी आहोत, पुरे." गायन झालं, तीन बायकांच्या चिरक्या आवाजात. वाचनाच्या वेळी बाई थांबल्या. पुस्तक उघडं धरून माझ्या ओट्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. मंग तो अध्याय त्यांनीच वाचला, सावकाश, मला शिकवताना वाचायच्या तसा.

उपासना संपल्यावर मार्था सतरंजी गुंडाळत होती, बाई ओट्याशी आल्या. मला वाटलं, आता बोलणार. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "याकोब, माझं नाव घेतलंस, घे. मी वागवीन ते. पण त्या नावाखाली उपासना बंद पाडू नकोस. एक नाताळ उपासनेवाचून गेला तर पुढचाही जाईल."

मी म्हणालो, "बाई, तुमची गाडी चुकंल."

त्या फाट्याकडे चालत गेल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

बाईंना मिशनच्या कचेरीतून बोलावणं आलं, विचारपूस झाली. तिथं त्या काय बोलल्या मला ठाऊक नाही. माझ्याकडे मात्र विचारायला कधी कोणी आलं नाही, त्यावरून समजा. वर्षभर त्यांची नेमणूक दुसरीकडे केली होती; तरी रजेच्या रविवारी त्या आपल्या खर्चानं येत आणि सालोमी, मार्था आणि त्या अशा तिघी सतरंजीवर बसत. पुढच्या नाताळला सात जण झाले. भिंत तीर्थपुरीच्या एका गवंड्यानं घातली. मी हात लावला नाही. ओट्यावर बसून बघायचो. तो दिवसाला दीड हातच चढवायचा, बराबर दीड हात. तिसऱ्या साली मी जाऊन मागं बसलो. नाताळ आला तेव्हा बाईंनी काही न बोलता पुस्तक माझ्या हातात दिलं. मी वाचलं. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर दर नाताळला सांगता आलं असतं.

शेवटची भेट पावसाळ्याच्या अखेरीला झाली. जालन्यात एका खोलीत त्या एकट्या राहत, डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. मी मनाशी ठरवून गेल्तो. म्हणालो, "बाई, त्या भिंतीचं मला..."

"भिंत नीट आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"मग येत्या नाताळचं बोल. किती घरं येतात आता?"

"सोळा."

त्यांनी मान हलवली. त्यांनी मला सोडलं, आणि मी लाचार माणसासारखा ते घेऊन परत आलो.

बाई गेल्या आणि महिन्यानं नाताळ आला. देऊळ भरलेलं. वाचनाला मला पुढं बोलावलं. मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंनी घाई केली नव्हती. त्यांनी राहू दे म्हटलं होतं. घाई माझी, हट्ट माझा, खोटं माझं. शमुवेलानं गारा ओला असल्याचं सांगितलं होतं, तेही सांगितलं. ते मी त्याच्या मायलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. दावीदतात्या आता नाहीत, सालोमी नाही. ज्यांना सांगायला पाहिजे होतं, त्यांतली एकटी मार्था समोर होती.

ती बायकांच्या मधून उठली. वाटलं, बाहेर निघून जाईल. दाराशी गेली. तिथं उंबऱ्याला लागून बाई बसायच्या, उशिरा येणाऱ्याला सरकून जागा देता यावी म्हणून. बाईंचं येणं थांबल्यापासून ती जागा रिकामी होती. मार्था तिथं बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वाचा आता. लोक खोळंबलेत."

मी वाचलं. पुरा अध्याय वाचला.

घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी विचारत नाही, विचारायचा हक्क मला नाही. रविवारी ती माझ्याआधी निघते आणि उंबऱ्याजवळच्या त्या जागेवर जाऊन बसते. आमच्या देवळाला दार एकच आहे. आत जायचं तर मला तिच्यासमोरून जावं लागतं... ती सरकून वाट देते.