वाजणारे ब्रेक

आणीबाणीच्या आसपास भिवंडीत आमच्या बाबांकडे मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप होती. शेलार गावच्या चिखलातून, बांधांवरून ती सुताच्या गोण्या घेऊन थेट आमच्या लूमच्या दारात यायची. एकदा तिचे ब्रेक करकरायला लागले. मेस्त्री म्हणाला, लायनर बदला, नाहीतर जिवावर बेतेल. खर्च ऐकून बाबा खवळले. जन्म लूमवर गेलेला माणूस; जे वाजेल त्यात तेल सोडायचं, हाच त्यांचा धर्म. "मशीन वरडली का तेल मागते. त्याला कशाला पैसे मोजायचे?" असं म्हणून त्यांनी स्वतःच चाकं उतरवली आणि लूमच्या बुधलीतलं तेल ब्रेकमध्ये ओतलं.

ब्रेक गप्प झाले. बाबा दिवसभर मिशीत हसत होते. संध्याकाळी आईला शेजारी बसवून कशेळीला निघाले. खाडीकडच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, पण जीप थांबलीच नाही. उभ्या ट्रकवर जाऊन आदळली. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. आईचा पाय कायमचा अधू झाला.

"तेल जरा जास्त पडलं," बाबा शेवटपर्यंत हेच म्हणायचे.

आमच्या घराचं दार मात्र पुढे कायम करकरत राहिलं. आईने त्याला कुणाला तेल घालू दिलं नाही.